गादी साताऱ्याला, कारभार शनिवारात

ॲरिस्टॉटलने राज्यव्यवस्थेचे सहा प्रकार मोजून ठेवले, तीन बरे आणि तीन बिघडलेले. शनिवार पेठेतल्या एखाद्या वाड्यात त्याने वर्षभर बिऱ्हाड केलं असतं, तर सातवा प्रकार सापडला असता. पाटीवर नाव मालकाचं, किल्ल्या कारभाऱ्याच्या कनवटीला.

कौटिल्याने राज्याच्या जन्माची गोष्ट सरळ सांगितली आहे. मोठा मासा लहानाला गिळतो, याला कंटाळून लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा देऊ केला. हिशेब चोख. 1674 साली शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा अष्टप्रधानही पगारी होते. बापाचं पद पोराला, ही भानगड नव्हती. पुढे शाहू महाराजांनी 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली, 1720 मध्ये त्यांच्या मुलाला, 1740 मध्ये नातवाला. नोकरी तिसऱ्या पिढीत गेली की तिला गादी म्हणतात. शिक्क्यात मात्र छत्रपतींचं नाव आधी आणि आपण नुसते 'प्रधान'! पुणेरी नम्रता म्हणतात ती ही.

पण खरा नमुना पाहायचा तर 1774 चा पाहावा. आदल्या वर्षी 30 ऑगस्टला नारायणरावांचा शनिवारवाड्यातच खून झाला आणि काका राघोबादादा पेशवे झाले. ज्यांना हे काका नको होते, ते बारभाई एकत्र आले. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवलं. मुलगी झाली असती तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारला नसावा. 18 एप्रिलला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मान धरायला लागायच्या आत दौलत अंगावर! 1776 मध्ये इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला, तेव्हा हे पेशवे दोन वर्षांचेही नव्हते. तह टिकला नाही, यात त्यांचा दोष नाही.

आता बारभाई म्हणजे मंडळाचं राज्य. मंडळाचं जे होतं तेच झालं. मोरोबा फडणीस 1778 मध्ये कैदेत, सखारामबापू बोकील 1779 मध्ये कैदेत. उरले नाना फडणवीस. साडेतीन शहाण्यांतला एक पूर्ण शहाणा गेला, अर्धा पुरला. 

1792 मध्ये तर कमाल झाली. महादजी शिंद्यांनी दिल्लीहून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हा बादशाही किताब आणला. पेशवे बादशहाचे मुखत्यार आणि महादजी त्या मुखत्याराचे नायब. नानांनी हरकत काढली: छत्रपतींच्या परवानगीशिवाय बादशहाची वस्त्रं घ्यायची कशी? ज्या छत्रपतींना पुण्याला विचारल्याशिवाय साताऱ्याच्या किल्ल्याखाली उतरता येत नव्हतं, त्यांची परवानगी! ती अर्थात मिळाली. म्हणजे आंधळा बादशहा महादजींच्या हाती, छत्रपती पेशव्यांच्या हाती, पेशवे नानांच्या हाती, आणि दरबार थाटात. तीनच वर्षांनी ते एकवीस वर्षांचे पेशवे वाड्यातून खाली पडून गेले. उडी की तोल, यावर पुण्यात अजून दोन पक्ष आहेत.

17 नोव्हेंबर 1817 ला वाड्यावर इंग्रजांचा बावटा लागला. कंपनी हुशार, तिने आमचीच रीत उचलली. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि शेजारी कारभार पाहायला ग्रँट डफसाहेबाला. 

आता लोकशाही आहे. पुण्याच्या महापालिकेला 1949 चा कायदा लागू आहे. त्यात महापौर निवडून येतात, मानाच्या खुर्चीत बसतात, फिती कापतात. अंमलबजावणीचे अधिकार मात्र आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. एवढ्या दिवसांत शनिवारातला कचरा तितकाच उचलला गेला आणि खड्डे तितकेच राहिले. निवडून दिलेली माणसं नाहीत, हे कित्येकांच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा वाचकहो, गल्लीतल्या गटाराची तक्रार घेऊन निघालात तर आधी फ्लेक्सवरचा फोटो पाहू नका. मागच्या अर्जावर शेरा कोणी मारला होता ते बघा आणि थेट त्या टेबलाशी जा.