पाचवा माणूस

परभणी जिल्ह्यात माणसांना एकत्र यायची पूर्ण मोकळीक आहे, फक्त चारापर्यंत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१)(३) चा हुकूम निघाला की पाचवा माणूस आला आणि जमाव बेकायदा झाला. हुकूम पंधरा दिवसांचा असतो. पंधरवडा सरला की नवा. सण, जयंती, निवडणूक, कुणाच्या उपोषणाचा इशारा, कारण काहीही पुरतं. एकादशी चुकेल, हा चुकायचा नाही.

हुकुमाची भाषा मात्र चवीनं वाचावी अशी. सोटे, भाले, तलवारी बाळगू नका, ठीक. दगड जमवू नका, तेही ठीक. पुढं आकृत्यांचं प्रदर्शन नको, जाहीर घोषणा नकोत, गाणी नकोत, वाद्यं नकोत आणि आक्षेपार्ह हावभावही नकोत. सोयाबीनचा भाव ऐकल्यावर पिंगळीच्या शेतकऱ्यानं तोंड कसं ठेवावं, तेवढं सांगायचं राहिलंय.

"निजामाच्या टायमाला गश्ती त्रेपन्न होती," पारावरचे आबा सांगतात. "सभा घ्यायची तर आधी इजाजत." निजाम १७ सप्टेंबर १९४८ ला शरण आला, त्याचं झेंडावंदन दरवर्षी होतं. गश्ती शरण आल्याची नोंद मात्र कुठं सापडत नाही.

हुकुमाच्या तळाशी सूट असते. लग्नाची वरात आणि अंत्ययात्रा यांना तो बहुधा लागू नसतो. म्हणून पिंगळीकरांनी ठरवलंय, पीकविम्याचं निवेदन द्यायला कलेक्टर कचेरीवर वरातच न्यायची. पुढं बँजो, मागं बाया, मधे घोड्यावर नवरदेव, त्याच्या फेट्यात निवेदन.

"आन् पोलिसानं नवरी कुठंय म्हणून इचारलं तर?"

"कचेरीत बसलीय म्हणावं. मुहूर्तच देईना."

अंत्ययात्रेची सूट परभणीला खरोखरच लागली. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनबाहेर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची एकानं विटंबना केली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला दगडफेकीचं, जाळपोळीचं गालबोट लागलं. त्याची वकिली हे सदर करणार नाही. पण मग जी धरपकड झाली, तीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी सापडला आणि १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनात कारण निघालं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, मारहाण झालीच नाही. म्हणजे जखमा विनापरवाना जमल्या असणार.

४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सहाच दिवसांनी, १० जुलैला, विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. त्यात कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं हेही बेकायदा कृत्य. ते फक्त कडव्या डाव्यांसाठी आहे, असं सरकार सांगतं. तेव्हा सोयाबीनवाल्यांनी घाबरू नये. व्याख्या तेवढी वाचू नये.

गुन्हा नोंदवायचा हुकूम सरकारला काही रुचला नाही. ते त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. ३० जुलैला तिथंही दाद मिळाली नाही.

आबांनी बातमी चष्मा पुसून दोनदा वाचली. "न पटल्यावर जावंच लागतं दिल्लीपातूर," ते समजुतीनं म्हणाले. "पण त्यायनं नवरदेव कुणाला केलतं म्हणं?"