निकाली नाना

चैत्र लागला की नाणे मावळात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. यात्रा आली की आखाडा आला आणि आखाडा आला की नाना आले. वडिवळ्याचे म्हणा, धरणापलीकडचे म्हणा, असा एक नाना प्रत्येक गावाने पोसलेलाच असतो. हलगीवाल्याच्या शेजारची जागा त्यांची. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी जोडीपर्यंत त्यांची आरोळी एकच: "निकाली होऊ द्या!"

निकाली म्हणजे चितपट. त्याखाली नाना काही ओळखत नाहीत. दोन पैलवान नुसती खडाखडी करत राहिले आणि पंचांनी 'आता गुणांवर' असं पुकारलं, की तेराव्याच्या पंगतीत भात कच्चा निघावा तसा त्यांचा चेहरा होतो. "गुण शाळंत मिळत्यात. हितं माती मिळती!" स्वतः नाना आखाड्यात कधी उतरले होते की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. दोन्ही मतं नानांच्या माघारीच मांडली जातात.

अडचण अशी, की त्यांचा सख्खा पुतण्या गादीवर खेळतो, तोही हिशेबाने. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताबा घेतला की दोन गुण, समोरच्याला रिंगणाबाहेर काढलं की एक, दहाचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपली. हे त्याला तोंडपाठ. "नाना, उगं कलाजंग मारायला गेलो आन् हुकलो, तर मीच खाली. खांदा गेला तर भरतीला कोण घेणार?" पोराचं बरोबर आहे. हौशी पैलवानाला त्याच दिवशी पुढची कुस्तीही खेळायची असते आणि खांदे दोनच असतात. पण प्रेक्षकाचा खांदा कधीच निखळत नसल्यामुळे नानांना हे पटत नाही.

मग नाना बेळगाव काढतात. १९७७ साली हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला धूळ चारली, ते मैदान. दरवर्षी सांगताना नाना आखाड्याच्या आणखी जवळ सरकतात; यंदा ते जवळजवळ पंचांच्या मांडीवर होते. पुतण्या उलट खाशाबांना आणतो. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची सवय नसताना सहावे आले आणि १९५२ला हेलसिंकीत त्याच गादीवर कांस्य घेतलं. खाशाबांचं नाव निघालं की नाना हात जोडतात आणि विषय बदलतात.

जानेवारी २०२३ मात्र नानांचा. कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर मारलेल्या बाहेरील टांगेला चार गुण दिले आणि राज्यभर रण माजलं. "बघ, गुणानं भांडणं लागत्यात!" त्यात किताबाच्या कुस्तीत शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेने गायकवाडला मिनिटाच्या आत चीत केलं. नानांनी पेढे वाटले.

पुढे फेब्रुवारी २०२५ उजाडला. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध त्याच राक्षेला पंचांनी चितपट ठरवलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, म्हणत राक्षेने पंचांना लाथ घातली. अंतिम कुस्तीत गायकवाड वेळ संपायच्या आतच मैदान सोडून गेला, राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली आणि मुळशीच्या मोहोळला गदा मिळाली, तीही गुणांवर. चितपटाच्या नावाने एवढं भांडण? नाना दोन दिवस मोबाइलवर तेवढाच तुकडा पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना गुन्हेगार सापडला.

"गादी! मातीत आसता तर पाठीवर छाप उठली आसती."

हा मुद्दा तसा बिनतोड आहे. पण पुतण्या म्हणाला, "खडाखडीतच पैलवान आंगभर माती चोळत्यात, नाना. छाप कुठली शोधणार?" नानांनी बंडी झटकली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

गेल्या हंगामात पोराने तालुक्याला दहा-शून्याने कुस्ती मारली. कामशेत स्टेशनवर लोकलची वाट पाहणाऱ्या चारचौघांना नाना सांगत होते, "पोरानं पाडला, दोन मिन्टात पाडला!"

"पाडला नाही, नाना. गुणांवर जिंकलो. दहा गुण."

"गप. धा बारी पाडला म्हंजी त्यात एकदा तरी निकाली आसंलच की!"