तात्या विंचूचे दालन

‘प्रॉप’, म्हणजे चित्रीकरणापुरती मिरवून एरवी अडगळीत पडणारी वस्तू, काचेआड गेली की वारसा ठरते. ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील, मृत्युंजय मंत्राने गुंडाचा आत्मा शिरलेला आणि रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू हा बाहुला या सन्मानास सर्वार्थाने पात्र आहे. मात्र त्याचे दालन पिंपरीजवळच्या काळेवाडीत उघडल्यास पंचाईत संभवते, कारण पिंपरी-चाकणच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात, हयात घालवलेला प्रेक्षक घाबरण्याऐवजी जबडा हलतो कसा हे न्याहाळील, त्याला शेवटचे ऑइलिंग कधी झाले ते विचारील आणि रात्रपाळीहून आलेला असल्यास (भुतांची कामाची वेळ त्याच्या चांगल्याच परिचयाची असते) तात्याला ओव्हरटाइम मिळतो की नाही, याचीही आस्थेने चौकशी करील.