हायवे टच

विशेषणाचे तीन प्रकार शाळेत शिकवतात: गुणविशेषण, संख्याविशेषण आणि सार्वनामिक. चौथा प्रकार शहापूर-मुरबाडच्या रस्त्याकडेला फलकांवर भेटतो. तो म्हणजे ‘टच’. हायवे टच, रोड टच, नदी टच, डोंगर टच. इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणून राबतो, नाम म्हणूनही मिरवतो. पण जमिनीचं विशेषण म्हणून त्याला कायमची नोकरी दिली ती आपल्या प्लॉटवाल्यांनी. स्वभावानं गरीब आहे बिचारा. ‘चांगला’चं चांगली-चांगले करावं लागतं, याला लिंग-वचनाचा स्पर्शच होत नाही. प्लॉट टच, जमीन टच, फार्महाऊसही टच.

पूर्वी जमिनीची विशेषणं तिच्या अंगच्या गुणावरून पडत. भात पिकवते ती खाचराची, नाचणी-वरी देते ती वरकस, आणि काहीच देत नाही ती सातबाऱ्यावर पोटखराब. आता काय पिकतं हे कुणी विचारत नाही. कुणाला चिकटून आहे तेवढं सांगा. लग्नाच्या बोलण्यात नवऱ्यामुलापेक्षा त्याच्या मंत्रालयातल्या मामाचं वजन जास्त पडावं, तसा हा प्रकार. वाटणीत धाकट्याच्या पदरात ढकललेली पोटखराब आज माहुली किल्ल्याच्या व्ह्यूसकट डोंगर टच झाली आहे, आणि खाचरं राखणारा थोरला अजून आवणीच्या चिखलात उभा आहे.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यात ‘समृद्धी टच’ला बरकत आली. गंमत अशी, की त्या महामार्गावर वाटेत कुठूनही शिरता येत नाही. चढायचं तर इंटरचेंजच गाठायचा. तोवर टचवाल्यानं अंगणात खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्या मोजाव्यात. मुरबाडला तर रेल्वे अजून पोचलेलीच नाही. पण ‘प्रस्तावित स्टेशन टच’ म्हणायला रूळ थोडेच लागतात!

या सगळ्यांत रुबाबदार म्हणजे धरण टच. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय. भातसाचा वाटा तर आज सगळ्या धरणांत मोठा. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरणाच्या उशाला पाडा, पाण्याच्या टचमध्ये मात्र मुंबई.

तेव्हा प्लॉट बघायला जाल, तर पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा सगळा तालुकाच हिरवा असतो आणि एजंटला फारसं बोलावं लागत नाही. मे महिन्यात भर दुपारी जा. फलक वाचा, सातबारा वाचा, आणि मग हंडा घेऊन निघालेल्या एखाद्या मावशींना विचारा, पाणी कुठनं आणता? त्या जे अंतर सांगतील, ते व्यवहारात धरा.