नजरानजर

मार्च जवळ आला की आमच्या ऑफिसला एकाएकी आमच्या व्यक्तिमत्त्वाची काळजी वाटू लागते. ट्रेनिंगचं बजेट उरलेलं असतं, ते संपवायला आमचा विकास करावाच लागतो. यंदाचा विषय होता देहबोली. ब्लेझरमधल्या सरांनी आल्या आल्या फर्मावलं, "समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला!"

सांगायला काय जातं? आमचे गणिताचे मास्तर विचारायचे, "खाली काय बघतोस? वर बघ!" वर बघितलं की, "डोळे वर करून बघतोस? माझ्याकडे?" अशा वेळी नजर ठेवायला एकच सुरक्षित जागा उरायची, मास्तरांच्या सदऱ्याचं दुसरं बटण. ते बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचं होतं, एका दोऱ्यावर लोंबायचं आणि मास्तर ओरडले की थरथरायचं. आजही साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की माझे डोळे आपोआप तिथेच जातात. साहेब टी-शर्टात असले की पंचाईत.

नजरेचं खरं प्रशिक्षण झालं ते आईकडून, तेही दुसऱ्यांच्या घरी. लाडवांची बशी पुढे आली की आधी आईकडे बघायचं. पापणी किंचित लवली तर एक घे. भुवई वर गेली तर "नको, आत्ताच जेवलो" म्हण. डोळे वटारले याचा अर्थ हात दुसऱ्या लाडवापर्यंत पोचलाय आणि पुढचं घरी गेल्यावर. हे चालू असताना तोंडाने मात्र ती, "पाक अगदी जमलाय हो तुमचा," म्हणत असायची.

सर म्हणाले, संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. ३८ आवाजाचा, ५५ चेहऱ्याचा. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतला. शब्द एक आणि चेहरा भलतंच सांगत असेल तर समोरच्याला आपण आवडतो की नाही हे माणूस कशावरून ठरवतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सगळ्या बोलण्याला हे गणित लावू नका, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. शब्दांना ७ टक्केच भाव असेल तर सर तीन तास का बोलले, हे मी विचारलं नाही. त्यांच्या दुसऱ्या बटणाकडे बघत बसलो.

मग 'पॉवर पोझ'. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं, की आत्मविश्वास वाढतो. २०१०च्या ज्या अमेरिकन संशोधनावर हे उभं आहे, त्यातल्या एक संशोधक डेना कार्नी यांनीच २०१६ साली आपला यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. सरांपर्यंत ते पोचलं नसावं. आमचा अख्खा विभाग कमरेवर हात ठेवून रांगेत उभा राहिला, तेव्हा अकाउंट्समधल्या काकूंनी डोळे मिटून हात जोडले. अठ्ठावीस युगं ही पोझ धरून उभ्या असलेल्याला दोन मिनिटांचं काय कौतुक!

देहबोलीची परीक्षा घ्यायचीच तर ती संध्याकाळच्या डाऊन फास्ट लोकलमध्ये घ्यावी. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायला कुणी तोंड उघडत नाही. पंजा उभा धरून जरासा हलवायचा, बस्स. चेहऱ्यावर विनंती दिसली की संपलं. तिघंही मोबाईलमध्ये बुडतात. जागा मुळात आपलीच होती, ही मंडळी मधे चुकून पसरली, असा पंजा हलला पाहिजे. मग पहिला दुसऱ्याकडे बघतो, दुसरा तिसऱ्याकडे, सगळे बोटभर सरकतात आणि आपण एका मांडीवर स्थानापन्न होतो. उरलेला देह पॅसेजमध्ये.

आख्खी सीट हवी असेल तर भुवयांनी विचारायचं, "कुठे?" ठाण्याला उतरणारा नुसता हनुवटीने दाराकडे खूण करतो आणि त्याची जागा आपल्या नावावर होते. परवा दादर सुटल्यावर मी सरांचं स्मरण केलं, खिडकीतल्या गृहस्थांच्या थेट डोळ्यांत डोळे घातले आणि दोन्ही भुवया उडवल्या. त्यांनीही नजर न चुकवता माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची बॅग सारखी केली, मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले.

म्हणजे कल्याण.