पाट पोहोचल्याबाबत, तसेच न्यू होपच्या सुताराबाबत

ती. तात्या व ती. सौ. आई यांच्या सेवेशी शि. सा. न. वि. वि.

परदेशस्थ मराठी कुटुंबाने घरी लिहावयाच्या पत्रात आधी प्रकृतीचे वर्तमान द्यावे, मग हवामान सांगावे आणि पैशांविषयी शेवटपर्यंत काहीच लिहू नये, असा क्रम रूढ आहे. प्रस्तुत पत्रात तो पाळता आलेला नाही, कारण गेल्या रविवारच्या फोनवर तात्यांनी पाट पोहोचला का, फुटला तर नाही ना, आणि ‘तो तुमच्याकडचा जपानी सुतार’ खरोखर सुतार होता की नुसताच शिकलेला माणूस, असे तीन प्रश्न एका दमात विचारले, आणि उत्तर सुरू होणार इतक्यात नातीने फोन बंद केला. पुन्हा फोन केला असता आईने मध्येच घेतला आणि पुढचा सगळा वेळ आत्याच्या मुलीच्या साखरपुड्यातील पंगतीवर गेला.

पत्राची भाषा ग्रंथातली का, याचा खुलासा आधी केलेला बरा. मागच्या पत्रातला ‘मी’ म्हणजे मुलगा की सून, यावर सावंतवाडीच्या घरी दोन दिवस वाद झाला आणि सुनेचा एक बरा विनोद मुलाच्या नावावर जमा झाला, असे वहिनींकडून समजले. म्हणून यापुढे ‘मी’ हे सर्वनामच वर्ज्य करून मुलगा, सून आणि नात असाच उल्लेख करण्याचे ठरले आहे. लेखन दोघांनी आळीपाळीने केले आहे. एकाने लिहायचे तेव्हा दुसऱ्याने भांडी घासण्याचे यंत्र रिकामे करायचे आणि मोज्यांच्या जोड्या लावायच्या, अशी विभागणी असल्याने मधूनमधून विषय तुटल्यासारखा वाटल्यास तो दोष मोज्यांचा समजावा.

पाट पोहोचला. त्याच्याबरोबरचे कुळथाचे पीठ, आमसुले आणि तात्यांच्या जुन्या लुंगीचा अर्धा भाग, हेही सुखरूप आले. पाटाला मात्र एका टोकाकडून वीतभर भेग गेली आहे, आणि ती प्रवासात नव्हे, तर येथे आल्यावर तीन आठवड्यांनी गेली आहे, ही गोष्ट टपालखात्याला दोष देण्यास आईने सुरुवात करण्यापूर्वी नोंदवणे आवश्यक आहे. लाकूड तोडल्यानंतरही हवेतली ओल घेत आणि सोडत राहते, आणि ओल सोडताना ते लांबीपेक्षा रुंदीच्या दिशेने कितीतरी अधिक आकसते. कोकणच्या दमट हवेत वाढलेला आणि तिथेच सुकलेला फणस पेन्सिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात, रात्रंदिवस गरम हवा फुंकणाऱ्या बंद घरात येऊन पडल्यावर त्याने दुसरे काय करावे? मुलाची आणि सुनेची टाचही पहिल्या हिवाळ्यात अशीच फुटली होती. फळी रुंद असून तिच्या टोकांना ओल लवकर सोडू न देणारे काही लावले नव्हते, हे तात्यांना ठाऊक आहेच, आणि त्यावर ते काय म्हणतील हेही येथे ठाऊक आहे.

भेग पुढे वाढू नये म्हणून तीवर आडवी लाकडी गाठ बसवून घेण्याचा विचार झाला. गाठ म्हणजे मध्ये निमुळता आणि दोन्ही टोकांना रुंद असा, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचा लहान तुकडा, जो भेगेच्या दोन्ही बाजूंना खाच कोरून त्यात घट्ट ठोकतात. जवळच्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाला पाटाचे छायाचित्र पाठवले असता त्याने अशा दोन गाठींसाठी दोनशे डॉलर सांगितले, आणि पाट पाहण्याची फी वेगळी! रुपयांत ही रक्कम त्या वेळच्या दराने सोळा-सतरा हजारांच्या घरात गेली. एवढ्या पैशात तात्यांनी एकेकाळी एका अख्ख्या घराची दारे-खिडक्या बसवली असती आणि वर गिऱ्हाइकाच्या पोरासाठी उरलेल्या पांगाऱ्याचा बैल करून दिला असता. येथे कोणत्याही किमतीचा रुपयांशी गुणाकार करू नये, असे जुने रहिवासी सांगतात. हा सल्ला सुनेने मानला आहे, मुलाने अजून मानलेला नाही, आणि म्हणून किराणा आणायला सूनच जाते. गाठी अर्थातच बसवल्या नाहीत.

आता जपानी सुताराविषयी. जॉर्ज नाकाशिमा यांचा जन्म 1905 साली वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे झाला, म्हणजे ते जन्माने अमेरिकी आणि वंशाने जपानी होते. त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, एमआयटी या नामांकित संस्थेत पदव्युत्तर पदवी मिळवली, जगप्रवास केला आणि तोक्यो येथे अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाच्या कचेरीत काम धरले. एवढे ऐकूनच तात्यांनी ‘मग तो सुतार नव्हे’ असा निकाल दिला होता. तो निकाल अपुऱ्या पुराव्यावर आधारलेला आहे, हे पुढील मजकुरावरून दिसेल.

1937 च्या सुमारास रेमंड यांच्या कचेरीचे प्रतिनिधी म्हणून नाकाशिमा पाँडिचेरीला आले आणि श्रीअरविंद आश्रमाच्या गोलकोंद या साधक-निवासाच्या बांधकामावर राहिले. इमारतीसाठी देणगी हैदराबादच्या निजामाच्या दरबारातून, दिवाण सर अकबर हैदरी यांच्या प्रयत्नाने आली, म्हणून हे नाव पडले. आश्रमात असताना ते साधक झाले, पगार घेणे त्यांनी बंद केले आणि त्यांना सुंदरानंद असे नाव मिळाले. इमारतीच्या दारांना सागाच्या पट्ट्या वापरल्या आहेत, आणि दारांचे पितळी सामान भक्तांनी दिलेली जुनी भांडी वितळवून तिथेच ओतले गेले, असे सांगतात. शेवटचा तपशील वाचून आई माळ्यावरचे घंगाळ अधिक आत सरकवून ठेवील अशी शक्यता आहे. ते घंगाळ कोणी मागितलेले नाही.

परंतु सुतारकी त्यांच्या हाती खऱ्या अर्थाने आली ती पदवीमुळे नव्हे, तर छावणीत. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाल्यावर अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना, त्यांत नागरिकही आले, घरादारांतून उठवून अंतर्भागातील छावण्यांत ठेवले. त्यांपैकी आयडाहो राज्याच्या वैराण प्रदेशातील मिनिडोका छावणीत 1942 साली नाकाशिमा, त्यांच्या पत्नी मॅरियन आणि काही आठवड्यांची मुलगी मीरा यांची रवानगी झाली. तिथे त्यांना जपानी परंपरेत शिकलेले गेंतारो हिकोगावा नावाचे सुतार भेटले, आणि बांधकामातून उरलेल्या फळ्या व माळावरची झुडपे एवढ्याच सामग्रीवर त्यांच्या हाताखाली त्यांनी हत्यार धरण्यापासून धडे गिरवले. हत्यार धरणे म्हणजे काय, हे तात्यांना सांगायला नको, पण वहिनींनी हे पत्र मोठ्याने वाचल्यास दादासाठी सांगणे इष्ट ठरेल: आपला रंधा ढकलायचा असतो, जपानी रंधा अंगाकडे ओढायचा असतो, आणि त्यांची करवतही ओढतानाच कापते, त्यामुळे तिचे पाते पातळ असले तरी चालते. एमआयटीचा पदवीधर अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, काटेरी तारांच्या आत, दुसऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करतो, याला सुतार म्हणायचे नसेल तर तात्यांनी स्वतःच्या वडिलांच्या हाताखाली काढलेली वर्षेही हिशेबातून वगळावी लागतील.

1943 साली रेमंड यांनी हमी देऊन त्यांना छावणीतून सोडवले आणि पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप गावाजवळच्या आपल्या शेतावर आणले, जे या कुटुंबाच्या सध्याच्या घरापासून मोटारीने फार दूर नाही. पुढे त्यांनी श्रमाच्या मोबदल्यात तीन एकर जागा मिळवली आणि तिथे आधी कारखाना बांधला, मग घर. कुटुंब तोवर तंबूत राहिले! आधी कामाची जागा आणि मग बायकोपोरांचे छप्पर, हा क्रम ऐकून सावंतवाडीतल्या स्वयंपाकघराचे ते दार, जे दर पावसाळ्यात फुगते आणि ‘दसऱ्यानंतर बघू’ या आश्वासनावर तीस वर्षे खांद्याने ढकलून उघडले जात आहे, कोणाच्याही डोळ्यांसमोर येईल. तात्यांना येथे एक भक्कम आधार मिळाला आहे, हे आईने खिलाडूपणे मान्य करावे.

नाकाशिमांची कीर्ती मुख्यतः अमेरिकी काळ्या अक्रोडाच्या रुंद फळ्यांवर उभी आहे. ओंडका चिरताना ते स्वतः हजर राहत, एका ओंडक्याच्या फळ्या क्रमाने एकत्र ठेवत, आणि टेबलासाठी फळी निवडताना तिची नैसर्गिक कड, म्हणजे सालीखालची वळणावळणाची बाजू, तशीच राखत. ‘कड सरळ करायचा कंटाळा’ असे यावर तात्या म्हणतील, परंतु भेगेच्या बाबतीत नाकाशिमांचे मत विचारात घेण्यासारखे आहे: भेग असलेली फळी ते टाकून देत नसत, पुट्टी भरून लपवतही नसत, तर वर वर्णन केलेल्या फुलपाखरी गाठी उघडपणे बसवून तिला टेबलाचा मुख्य अलंकार करीत. लपवलेल्या दुरुस्तीपेक्षा दिसणारी दुरुस्ती प्रामाणिक असते, हे तात्यांचेही धोरण आहे. फरक इतकाच, की तात्यांनी देवळाच्या दाराला मारलेल्या पट्टीला आजवर कोणी कला म्हटलेले नाही. 2006 साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात नाकाशिमांचे एक टेबल आठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. या आकड्याचा गुणाकार मुलालाही करवला नाही.

त्यांची कोनॉइड नावाची खुर्ची तर दोनच पायांवर उभी असते, बैठक पुढे अधांतरी असते आणि पाय खाली आडव्या पट्ट्यांत बसवलेले असल्याने ती गालिच्यावरून सहज सरकते. ती उलटेल अशी शंका त्या काळीही घेतली गेली, पण उलटत नाही. चार पायांचे पैसे घेऊन दोनच पाय दिल्याचा आरोप अपेक्षित असल्याने त्याचे उत्तर पुढच्या पत्रासाठी राखून ठेवले आहे.

कारखाना म्हणजे घरच होते. हिशेब आणि व्यवहार मॅरियन सांभाळत. मुलगी मीरा हार्वर्ड आणि तोक्योतील वासेदा येथे शिकून 1970 साली वडिलांच्या हाताखाली रुजू झाली. मुलगा केव्हिनही तिथेच काम करी. गिऱ्हाइकाचे नाव त्याच्यासाठी निवडलेल्या फळीवर लिहिले जाई. 1989 साली प्रिन्स्टनमधील एका गिऱ्हाइकाचे घर जळून नाकाशिमांनी केलेल्या शंभराहून अधिक वस्तू नष्ट झाल्या, तेव्हा त्या पुन्हा करून देण्याचे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी कबूल केले. 1990 च्या जूनमध्ये ते गेले, आणि ते काम मीराबाईंनी पुढे चालवले. नाकाशिमांनी योजलेल्या शांतिवेद्यांपैकी, म्हणजे सर्वधर्मीयांनी भोवती जमावे अशा प्रचंड अक्रोडी टेबलांपैकी, एक 1986 साली न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये बसवली गेली, आणि दुसरे एक टेबल त्यांच्या मागे पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलला आले. दादाने सुतारकी सोडून हार्डवेअरचे दुकान घातले याचा येथे कोणताही उल्लेख अभिप्रेत नाही.

हा परिच्छेद सुनेचा आहे, कारण मुलगा कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला गेला आहे. शनिवारी तिघे न्यू होपला तो कारखाना पाहायला गेले असता, सगळे पुढे निघाल्यावरही मुलगा रंध्याच्या सालपटांच्या ढिगापाशी उभा राहिला. वास अक्रोडाचा होता, सागाचा नव्हता, फणसाचा तर नव्हताच. नातीने ‘बाबा चल’ म्हणून दोनदा हात ओढला. त्याने एक सालपट उचलून हुंगले, खिशात घातले आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ तात्यांच्या गुडघ्याचे विचारत राहिला, जणू सुनेला ते ठाऊक असावे.

तेथून जवळच एका शेतकऱ्याने वादळात पडलेल्या अक्रोडाचे दोन ओंडके ‘न्या’ म्हणून देऊ केले, आणि तेथेच या राज्यातील एका नियमाशी गाठ पडली. ठिपकेदार लँटर्नफ्लाय नावाचा, आपल्याकडील तुडतुड्यांच्या गोतातला एक कीटक 2014 साली येथील बर्क्स परगण्यात प्रथम आढळला. तो मूळचा चीनकडचा, झाडांचा रस शोषणारा, आणि अंडी कशावरही घालणारा आहे: ओंडक्यावर, दगडावर, मोटारीच्या चाकाच्या आत. म्हणून बाधित परगण्यांतून लाकूडच काय, अंगणातील खुर्ची हलवतानाही ती सर्व बाजूंनी तपासावी, अंडी खरवडावीत आणि तपासणीची यादी भरावी, असा दंडक होता. धंद्यासाठी ये-जा करणाऱ्यांना परवानाही लागत असे. कीटक दिसल्यास पायाने चिरडावा, असे सरकारच सांगते. मुंगीवर पाय पडला तर रडणारी नात आता शाळेतून शिकून आल्यामुळे रस्त्याने थयथयाट करीत चालते आणि शेजारी तिचे कौतुक करतात. ओंडक्यांच्या सालीवर मातकट लेप दिसला. तो अंड्यांचा की चिखलाचा, यावर मुलाने आणि शेतकऱ्याने अर्धा तास खल केला, यादीतील रकाने भरले, आणि अखेर ओंडके तेथेच राहिले. चिखलच होता, असे मुलाचे अजूनही मत आहे.

घरच्या बातम्यांना उत्तरे देणे राहिले. धाकट्या काकांनी तिसरा मजला चढवला तर चढवू दे, त्यांच्याकडे जिन्याला कठडा आधीपासूनच नाही. साखरपुड्यात जिलबी कमी पडली याचा दोष मुलाकडच्यांवर ढकलणे आईला शोभत नाही, कारण वऱ्हाड आपल्याकडूनच वाढले होते. दादाच्या घरात प्लायवुडचे मॉड्युलर किचन आले, त्यावर तात्या आठवडाभर बोलले नाहीत, हे समजले. त्यांचा राग रास्त आहे, पावसाळ्यात त्या फळ्यांच्या कडा फुगतील तेव्हा कंपनीचा माणूस येणार नाही आणि शेवटी तात्यांनाच बोलावणे जाईल.

मे महिन्यात तात्यांनी आणि आईने यावे, तिकिटांचे पाहिले आहे. येताना रंधा, पटाशी आणि लहान करवत सोबत घ्यावीत, मात्र ती विमानात हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत गुंडाळून टाकावी लागतात. गेल्या खेपेस आईने अडकित्त्यासाठी विमानतळावर जो वाद घातला तो पुन्हा घालू नये. गाठींसाठी अक्रोडाचा तुकडा येथे दुकानातून विकत आणून ठेवला आहे. पावती लपवली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. एवढेच वहिनींसाठी असून मोठ्याने वाचू नये. किचनचे फोटो मिळाले, रंग फार सुंदर आहे, आणि कप्पे आवाज न करता बंद होतात हे पाहून सुनेला हेवा वाटला. वर जे लिहिले आहे ते तात्या ऐकणार म्हणून लिहावे लागले. बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या, ते कळवावे.