भुशाचा साग

पाचूबंदरात लाकडाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. ज्याच्या दारात होडी आहे त्याला मत आहेच, ज्याने होडी विकली त्याला जास्त आहे, आणि ज्याच्या सात पिढ्यांत कुणाची होडी नव्हती तो सगळ्यांत मोठ्याने बोलतो. अशा वस्तीत मी चपट्या खोक्यातून कपाट मागवलं. वसईत झालेल्या धाडसांत चिमाजी अप्पांच्या खालोखाल ह्याची नोंद व्हायला हरकत नाही.

टेम्पो आमच्या गल्लीत शिरत नाही. खोकं जेट्टीच्या रस्त्यावर उतरलं आणि तिथून पोरांच्या डोक्यावरून घरी आलं. वाटेत वलांडीवर बोंबील टाकणाऱ्या बायकांनी हातातलं काम थांबवून अंदाज बांधले. एकीच्या मते टीव्ही, दुसरीच्या मते दरवाजा, आणि तिसरीने लांबी-रुंदी पाहून नुसतीच क्रूसाची खूण केली.

घरी मामा बसलेलेच होते. मामा म्हणजे बायकोचे मामा. उभी हयात होड्या बांधण्यात गेली. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे ते सल्ले बांधतात.

“कपाट कुठाय?”

“ह्यातच आहे, मामा.”

“निजलंय?”

“सुटं आहे. आपणच जोडायचं.”

मामांनी एका फळीची कड नखाने खरवडली, नखात आलेला भुसा फुंकून टाकला आणि मला शांतपणे विचारलं, “म्हणजे आधी लाकूड दळलं आणि मग चिकटवलं? मग तोडलं कशाला?”

पार्टिकल बोर्डाची ह्याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. लाकडाचा चुरा, त्यात रासायनिक डिंक, वरून दाब आणि उष्णता, आणि शेवटी अक्रोडाचा फोटो छापलेला कागद. वरून बघाल तर अक्रोड, कडेने बघाल तर उपमा. मी मामांना म्हटलं की सुटं सामान म्हणजे हलकं सामान असं काही नाही. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ साली १४ नंबरची खुर्ची काढली, ती सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नटांची. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावायच्या आणि बोटीने जगभर जायच्या. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या त्याच जातीच्या खुर्च्यांवर बसून मुंबईने इराण्याचा चहा प्यायला. पुढे १९५६च्या सुमाराला स्वीडनच्या आयकिया कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन ह्या माणसाला एक टेबल मोटारीत घालता येईना, म्हणून त्याने पाय काढले आणि एका मोठ्या धंद्याला पाय फुटले, अशी गोष्ट सांगतात. तीच आयकिया डिसेंबर २०२०मध्ये तुर्भ्याला आली आणि मराठी माणूस रविवारी सहकुटुंब दुसऱ्याच्या पलंगावर बसून यायला लागला. (माझं कपाट तिथलं नाही. ते कुठलं, हे सांगण्यासारखं नाही.)

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “खुर्ची वाकवलेल्या लाकडाची होती ना?” ते म्हणाले. “दळलेल्या नाही.”

आता हे कपाट उंची दिसायला हवं होतं, कारण नाताळात साडू येणार होता. साडू वसई पूर्वेला टॉवरमध्ये राहतो. त्याच्या घरी डिझायनरने जमिनीपासून छतापर्यंत कपाटं केली आहेत. ती उघडायला हँडल नाही, दाबायचं. कुठे दाबायचं हे फक्त घरच्यांना माहीत. मागच्या नाताळात मी पाण्याचा ग्लास शोधत त्या भिंतीला बराच वेळ मालिश करत होतो, आणि साडू सोफ्यावरून “अजून डावीकडे” म्हणत होता. “सगळं कस्टम आहे,” हे वाक्य त्याने त्या संध्याकाळी केकपेक्षा जास्त वेळा वाटलं.

साध्या कपाटाला खानदानी करण्याचे व्हिडिओ मी बघून ठेवले होते. त्यांत एक गोरी बाई रिकाम्या, कोरड्या, पांढऱ्या खोलीत उभी राहते, टाळी वाजवते आणि कपाट राजवाड्यातलं होतं. त्या खोलीत समुद्र नसतो. आमच्याकडे हवाच खारी. बिजागरी गंजते, कुलूप गंजतं, फ्रिजची पाठ गंजते, आणि खोक्यातून आलेली ती वाकडी षट्कोनी चावी तर दुसऱ्या महिन्यात ओळखू येईना. पण भुशाच्या कपाटाचा खरा शत्रू समुद्र नाहीच. तो म्हणजे लादी पुसायचं ओलं फडकं. स्वीडनमध्ये जमिनीवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवत असतील. आमच्याकडे रोज सकाळी बादलीभर पाण्यातून पिळलेलं (बायकोच्या मते पिळलेलं) फडकं कपाटाच्या बुडाला भिडतं. कापलेली कड ते पाणी पिते, फुगते, आणि एकदा फुगली की सुकल्यावरही जागेवर बसत नाही.

म्हणून पहिलं काम पायांचं. चार इंची पाय लावले आणि कपाट फडक्याच्या वर उचललं. दुसरं काम कडांचं, आणि इथे मामा नाइलाजाने उठले. पावसाळी मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, होड्या वर ओढल्या की डागडुजी चालते. लाकडावर फायबरचा लेप चढतो, फटी बुजतात, रंग होतो. त्यातलं उरलेलं रेझिन मामांच्या पडवीत होतंच. त्यांनी डब्यात हार्डनर टाकून ढवळलं आणि प्रत्येक उघड्या कडेला, स्क्रूच्या प्रत्येक भोकाला, ब्रशने पाजलं. वास असा की शेजारच्यांना वाटलं आम्ही घरात ट्रॉलर बांधतोय. काम करताना मामा आयएस ७१०चा शिक्का असलेल्या मरीन प्लायवूडची आरती म्हणत होते. “ते ७२ तास उकळून बघतात. बहात्तर! तुझं हे चहाच्या कपाजवळ ठेवू नको.”

तिसरं काम हँडलांचं. कारखान्याने दिलेलं हँडल बघितलं की कपाटाची किंमत कळते, हे सगळे सांगतात, म्हणून मी ग्रँट रोडला उतरून चोरबाजारात गेलो आणि मटण स्ट्रीटवरून जुनी पितळी हँडलं आणली. कुठल्या तरी सागवानी कपाटाची असावीत. मधोमध हाताने झिजलेली, हिरवट, वजनदार. चिंच-मीठ लावून घासल्यावर अशी उजळली की बायको म्हणाली, “कपाट राहू दे, हीच भिंतीला लावू.” मग लगेच शंकाही काढली, की दुसऱ्याच्या कपाटाचे कान आपल्या कपाटाला लावायचे म्हणजे कसं दिसेल. मी म्हटलं, अगं, १७३९ साली वसई पडल्यावर इथल्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मेणवलीच्या घंटेवर तर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियासुद्धा आहे. कुणाचं काही बिघडलं का? ती म्हणाली, “घंटेला भोकं जुळवावी लागत नाहीत.”

हे तिने सहज म्हटलं होतं. पण कारखान्याचं सगळं जग ३२ मिलिमीटरच्या पाढ्यावर चालतं. हँडलाच्या दोन भोकांत ९६ किंवा १२८, म्हणजे बत्तीस त्रिक किंवा बत्तीस चोक. चोरबाजारातली हँडलं साहेबाच्या काळातली, त्यांचं अंतर साडेतीन इंच. म्हणजे ८९ मिलिमीटर. फरक सात मिलिमीटरचा. मामांच्या भाषेत दोन सुतांहून जरा जास्त. सात मिलिमीटर म्हणजे नवीन भोक जुन्याला खेटून पडणार आणि मधली भिंत भुसा होऊन गळणार. तेव्हा जुनी भोकं रेझिनमध्ये कालवलेल्या भुशाने बुजवली (भुसा त्याच कपाटाचा, बाहेरचा एक कण नाही), वरून लांबी, पॉलिश पेपर, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर, आणि मग नवीन भोकं. दार तिरप्या उजेडात धरून अंगठा फिरवला तर भोक कुठे होतं ते कळत नाही. मला कळतं. रात्री झोपेतून उठवून विचारा.

रंगावरून घरात दोन तट पडले. छापील अक्रोडावर रंग धरत नाही. आधी हलकं घासून प्रायमर मारावा लागतो, इथपर्यंत एकमत होतं. पुढे बायकोला राखाडी हवा होता, कारण हल्ली श्रीमंत लोक राखाडी असतात. मामांना निळा आणि त्यावर केशरी पट्टा, कारण होडी लांबून ओळखू आली पाहिजे. शेवटी बाहेरून राखाडी आणि आतून निळा-केशरी असा तह झाला. वरच्या दारांत वेताची जाळी बसवली, ते पटकन झालं. आत एलईडी पट्टी लावायचं मात्र मी नुसतं बोललो आणि मामा उभे राहिले. २०१७च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी लावून मासे मारायला बंदी घातली, तरी खोल समुद्रात कोण काय करतं ह्यावरून बंदरावर अजून भांडणं होतात. “आम्ही एलईडीविरुद्ध मोर्चे काढायचे आणि तू घरात लावणार? फडताळात कुठले मासे मारायचेत तुला?” पट्टी परत गेली.

पण कपाटाला कस्टम केलं ते शेवटच्या कामाने. डिझायनर लोकांचं गुपित एवढंच असतं, की त्यांचं कपाट भिंतीतून उगवल्यासारखं दिसतं आणि आपलं भिंतीजवळ उभं केल्यासारखं. मधली फट भरली की काम झालं. फळी कापून लावायची, त्यात काय? मामांनी खिशातून ओळंबा काढून भिंतीला लावला. आमची भिंत वरच्या टोकाला दीड इंच बाहेर झुकलेली निघाली, मध्ये पोट सुटलेलं, आणि खाली पुन्हा आत. “आजोबांनी बांधली,” मी म्हटलं. “दिसतंय,” मामा म्हणाले. ते त्यांना ओळखत होते.

कारखाना सरळ भिंतींसाठी कपाटं करतो. पाचूबंदरात सरळ भिंत नाही. होडीतही सरळ रेघ नसते. प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या वळणाला लावून तासायची. मामांनी पट्टी कपाटाच्या कडेशी उभी टेकवली, एका वायसरच्या भोकात पेन्सिलीचं टोक घातलं आणि वायसर भिंतीला चिकटवून वरून खाली गडगडत आणलं. भिंतीचं पोट जसंच्या तसं पट्टीवर उतरलं. मग जमिनीवर फतकल मारून, गुडघ्यांना शिव्या देत, त्या रेघेवर रंधा आणि पटाशी चालवली. पट्टी दाबून बसवल्यावर फटीत मी पोस्टकार्ड सरकवून बघितलं. गेलं नाही. साडूच्या डिझायनरकडे लेझर होता म्हणतात.

खर्चाचं विचारू नका. बिलं सगळ्यांत खालच्या खणात आहेत आणि तो खण मी मुद्दाम जाम बसवलाय.

नाताळला साडू आला. दारातच थबकला, मान वाकडी करून कपाट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “इटालियन?” मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही. त्याने पितळी हँडलावर हात फिरवला, मोबाइलमध्ये फोटो काढला, तो डिझायनरला पाठवला. एवढ्यासाठी मी रेझिनच्या वासात झोपलो होतो, सार्थक झालं.

मग मावशी आली. मावशी म्हणजे मामांची धाकटी बहीण, बाजारात मासळी विकते. मासा ताजा दिसावा म्हणून बर्फ कुठे ठेवायचा, पाणी केव्हा मारायचं, कुठली बाजू वर करायची, हे ज्या बाईला पाठ, ती वरच्या चकाकीने फसेल कशी? गिऱ्हाईक डोळे बघतं. कोळीण कल्ला उचलते. मावशीने हँडलाकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडलं, आतल्या बाजूला बिजागरीपाशी बोट घातलं आणि कड चाचपली.

“रेझिन कुणी मारलं? दादाने?”

“हो.”

“तरीच टिकलंय. आतून भुसाय.” मग आतला निळा-केशरी रंग बघून ती पहिल्यांदा खूश दिसली. “हे बाहेर का नाही लावलं?” बायकोने माझ्याकडे बघितलं, मी साडूकडे बघितलं, साडूने मोबाइलकडे बघितलं.

“पाठ दाखव,” मावशी म्हणाली.

कपाटाची पाठ व्हिडिओतली बाई कधीच दाखवत नाही. ती असते तीन मिलिमीटरची, मध्ये घडी घातलेली, चुकांनी ठोकलेली पुठ्ठ्याची बहीण. मी म्हटलं, मावशी, आता ते भिंतीला पक्कं बसवलंय, हलत नाही. ती बरं म्हणाली आणि वेताच्या जाळीतून आत टॉर्च मारून तिने ती बघितलीच.

जेवण झाल्यावर तिने मला ओट्यावर बोलावलं. तिच्या लेकाने पण असंच एक खोकं मागवलंय म्हणे, पलंगाखाली निजलंय.

“तू आणि दादा मिळून करून द्या. पण पाठीपासून सुरू करायचं.”

“करू की. मजुरी काय?”

“मोठी पापलेटं देईन. दोन.”

“चालेल.”

“घेताना कल्ला उचलायचा नाही,” मावशी म्हणाली.